पीटीचा तास कोण खातंय?

पत्राचा सारांश: सांगली-सातारा पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावातली मुलगी. नववीत, सेमी-इंग्लिशला, शाळेच्या खो-खो टीममध्ये, यंदा 17 वर्षांखालच्या गटात टीम जिल्ह्यापर्यंत गेली. मराठीच्या सहामाहीच्या पेपरात 'मी शिक्षणमंत्री झाले तर' असा निबंध आला. हिने मनापासून लिहिला. मराठी, इंग्लिश, संस्कृत मिळून आठवड्याचे 17 तास जातात ते निम्मे करीन, संस्कृत बंद करीन, कारण ते कुणी बोलत नाही, आणि उरलेले सगळे तास खेळाला देईन. मेडल मिळालेल्यांना कोटी-कोटी रुपये वाटायचे बंद करून ते पैसे शाळांच्या मैदानांना देईन. बाईंनी 8 पैकी 3 मार्क दिले, लाल पेनने लिहिलं 'विषयाला धरून लिहा', आणि वर वर्गशिक्षकांनी बोलावून "असले विचार पेपरात लिहायचे नसतात" म्हणून समज दिली. घरी बाबा म्हणतात मार्कांपुरतं लिही, मत डोक्यात ठेव. मामा म्हणतात सरकारने खेळावर एक रुपया खर्च करू नये, आधी शिक्षक भरावेत. शाळेत पीटीचे आठवड्याला 2 तास आहेत, त्यातला गुरुवारचा संस्कृतच्या जादा तासाला जातो आणि दुसऱ्यात जर्नल भरून घेतात. ती विचारते, माझं मत चुकीचं आहे का, आणि नसेल तर बोर्डाच्या पेपरात खरं लिहू की बाईंना आवडेल ते लिहू?

---

प्रिय खो-खोवाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा जरा ओशाळले. का ते आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. मी 26 वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलंय आणि त्या 26 वर्षांत पीटीचे किती तास मी खाल्ले असतील याचा हिशोब नाही. जानेवारी उजाडला की स्टाफरूममध्ये आमच्या पीटीच्या सरांना गाठायचं, "सर तुमचा तास देता का, माझा पोर्शन राहिलाय", आणि ते बिचारे "घ्या ना मॅडम" म्हणून परीक्षेचे फॉर्म गोळा करायला नाहीतर बेंच मोजायला निघून जायचे. एकदा मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, मॅडम तुम्ही कधी सरांना तुमचा तास दिलाय का? मी त्याला वर्गाबाहेर उभा केला. आज तो प्रश्न तुझ्या अक्षरात परत आलाय, आणि तुला बाहेर उभं करायची सोय नाही, सो उत्तर देणं भाग आहे.

आता तुझा निबंध. तू फोटो पाठवलास ते बरं केलंस. मी तपासला असता तर 5 दिले असते. 3 नाही, पण 8 पण नाही. त्यावर नंतर येते.

आधी तुझं मूळ म्हणणं. तू म्हणतेस भाषेने खेळाचा तास खाल्ला. मला वाटतं इथे तू पकडलास तो चोर चुकीचा आहे. समज उद्यापासून संस्कृत बंद झालं. तुझा तो गुरुवारचा तास मैदानावर जाईल? अगं भूमितीच्या सरांचे हात आधीच पुढे आलेले असतील, गणित भाग 2 चा पोर्शन कधीच पूर्ण होत नसतो. तो तास जातो कारण आरोग्य व शारीरिक शिक्षण हा आपल्याकडे श्रेणीचा विषय आहे, टक्केवारीत धरत नाहीत, आणि दहावीला जे टक्केवारीत नाही ते शाळेच्या लेखी वर्षभर रिकामी जागा. तुझ्या जर्नलचं बघ ना. 'खो-खो मैदानाची आकृती काढा' म्हणून तू आकृती काढलीस, स्केचपेनने रंगवलीस, अ श्रेणी मिळाली, आणि हे सगळं मैदान खिडकीतनं दिसत असताना! तेव्हा भांडण संस्कृतशी नाहीये, वेळापत्रकाशी आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण संस्कृत बंद करणं तुझ्या हातात नाही, आणि मुख्याध्यापकांच्या पण नाही, पण गुरुवारचा तास परत मिळवणं कदाचित आहे.

संस्कृत तू का घेतलंस हे पत्रात एका ओळीत येऊन गेलंय, "सगळे म्हणाले स्कोअरिंग आहे". इथे पालक वाचत असतील तर त्यांच्यासाठी थांबते. आपल्याकडे कितीतरी मुलं संस्कृत घेतात ती भाषेच्या ओढीने नाही, 95 मार्कांच्या ओढीने. चालीवर देवः देवौ देवाः पाठ करायचं, भाषांतरं गाईडमधून, आणि मार्क घेऊन दहावीनंतर पुस्तक रद्दीत. आता दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह असतं, म्हणजे 600 पैकी सगळ्यात चांगल्या पाच विषयांची 500 वर टक्केवारी निघते, त्यामुळे एक स्कोअरिंग विषय असला की आकडा चढतो हे खरंय. पण त्याची दुसरी बाजू कुणी बघत नाही. पाचच धरणार असतील तर एका विषयात थोडं कमी पडलं तरी आभाळ कोसळत नाही, पास मात्र सगळ्यात व्हायला लागतं. ज्या मुलाला पूर्ण संस्कृत झेपत नाही त्याला 'आमोद' ऐवजी 'आनंद' आणि 'लोकवाणी' म्हणजे अर्धं संस्कृत अर्धं हिंदी असा संयुक्त रस्ता आहे, किंवा सरळ पूर्ण हिंदी. हे घेण्याआधी विचारायचं असतं, तुझ्यासाठी आता उशीर झाला, पण सातवी-आठवीतली पोरं-पोरी हे वाचत असतील तर त्यांनी 'स्कोअरिंग' हा शब्द ऐकला की एकदा विचारावं, कुणाला, आणि किती जादा तास देऊन?

बरं, 'संस्कृत कुणी बोलत नाही म्हणून बंद' हे तुझं कारण. हे कारण जरा लंगडं आहे बाई. भूमितीतलं प्रमेय तरी कोण बोलतं. मला राग संस्कृतचा नाही, शिकवायच्या पद्धतीचा येतो, आणि तुला पण तोच आला असणार, फक्त तू तो भाषेवर काढलास. तूच लिहिलंयस की इंग्लिशचा धडा बाई वाचतात, मग मराठीत अर्थ सांगतात, मग प्रश्नोत्तरं फळ्यावर, मग वहीत. वर्षभरात तुला इंग्लिशमध्ये सलग दोन मिनिटं कुणी बोलू दिलं नाही. असले 17 तास असले काय आणि 8 असले काय. तास कमी करून भाषा सुधारत नाही आणि वाढवून पण नाही, हे मी स्वतः वाढवून बघितलंय.

आणि 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीवरून जो धुरळा उडाला त्याचा दाखला तू दिलायस, "लहान मुलांची सुटका झाली मग आमची का नाही". तिथे थोडी गल्लत झालीय. एप्रिल 2025 च्या जीआरमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा केली होती, जूनमध्ये तो बदलला आणि 29 जूनला दोन्ही जीआर मागे घेतले, मग डॉ. नरेंद्र जाधवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ते भांडण भाषेचे तास जास्त का याचं नव्हतं गं. कुठली भाषा, कितव्या वर्षी, आणि ठरवणार कोण, याचं होतं. लोक रस्त्यावर उतरले ते भाषा नको म्हणून नाही, भाषा हवी म्हणून. तुझ्या बाजूला तो दाखला उभा राहत नाही, पेपरात वापरलास तर परीक्षक तिथेच पकडणार.

आता तू म्हणशील, ताई तुम्ही मराठीच्या बाई, तुम्ही भाषेचीच बाजू घेणार. घेतेच. पण तुझ्याच मैदानावर येऊन घेते. खो देताना काय लागतं? नुसता हात लावून चालत नाही, तोंडाने 'खो' म्हणायला लागतं, आणि ते पण स्पर्शासोबत, मागून, पंचाला ऐकू जाईल असं. नाहीतर फाऊल. हात न लावता नुसतं ओरडलीस तरी फाऊल. तुझ्या निबंधात तू नुसतं ओरडलीयस, हात कुठेच लावला नाहीस. म्हणजे काय ते पैशांच्या मुद्द्यावर सांगते.

तू लिहिलंस, मेडलवाल्यांना कोटी वाटतात ते बंद करा. मामा म्हणतात खेळावर खर्चच बंद करा. दोघं एकाच फोटोवर चिडलाय, तो मोठ्या चेकचा फोटो. पॅरिसला 2024 मध्ये आपल्या कोल्हापूरच्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हा राज्य सरकारने 1 कोटी जाहीर केले. त्यावरून पुढे वादही झाला, कारण हरियाणाचं धोरण ब्राँझला अडीच कोटी, सिल्व्हरला 4 आणि गोल्डला 6 असं आहे. पेपरात, टीव्हीवर तेवढंच आलं, कुणी किती दिले. पण हा मुलगा तिथवर पोचला कसा हे बघ. शिक्षकाचा मुलगा, 2009 मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, निवासी, म्हणजे राहणं खाणं शिकणं आणि खेळ एका ठिकाणी, तिथे नेमबाजी हातात आली, मग रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी लागली, आणि प्रबोधिनीपासून मोजलं तर पंधरा वर्षांनी मेडल. क्रीडा प्रबोधिनी पण सरकारी खर्चच आहे की! तो खर्च मेडलच्या आधीचा. त्याचा फोटो निघत नाही कारण तिथे मोठा चेक नसतो, तिथे मेसचं बिल असतं.

आणि आधीचा खर्च सरकारने नाही केला तर काय होतं तेही आपल्याच भागातलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर, त्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. आज त्यांच्या जन्मदिवशी, 15 जानेवारीला, आपण राज्य क्रीडा दिन साजरा करतो, तुमच्या शाळेत पण भाषणं झाली असतील. (मला कायम वाटतं त्या दिवशी एक हार खर्डेकर सरांना पण घालावा, पण असो.)

म्हणजे प्रश्न सरकारने खर्च करावा की नको असा नाहीच, मेडलच्या आधी किती आणि नंतर किती असा आहे. आणि ते तुला निबंधात न म्हणता आतून माहिती आहे, कारण तू पैसे शाळेच्या मैदानांना मागितलेस. तिथे तुझं बरोबर आहे, शंभर टक्के. फक्त त्यासाठी बक्षीस बंद करायची गरज नाही. ऑलिंपिक मेडल मिळवणारे आपल्या राज्यात किती, बोटावर मोजण्याइतके, त्यांचे सगळे कोटी गोळा केले आणि राज्यातल्या शाळांना वाटले तर एका शाळेला चुन्याची गोणी येईल की नाही शंका आहे. इथे हात लावायला हवा होता, म्हणजे आकडा द्यायला हवा होता. परीक्षक काय म्हणतो, मंत्री झालीस ना, मग पैसे आणणार कुठून ते सांग.

मामांसाठी पण एक आकडा देते, पुढच्या वेळी जेवताना विषय निघाला की सांग, पण भांडू नको. 2025-26 च्या केंद्राच्या बजेटमध्ये युवक व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाला साधारण 3,794 कोटी आहेत, त्यात खेलो इंडियाचे 1,000 कोटी. ऐकायला ढीग वाटतो. आपण 140 कोटी लोक. भाग घाल. माणशी वर्षाला 27 रुपये, चहा आणि वडापाव. त्याच बजेटमध्ये शिक्षण मंत्रालयाला 1 लाख 28 हजार कोटींच्या वर आहेत, म्हणजे जवळजवळ 34 पट. मामांचं दुःख खरं आहे, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि त्याचा त्रास तुम्हालाच होतो, पण त्या जागा खेळाचे पैसे काढून भरल्या जात नाहीत, आणि काढून भरतील एवढे पैसे तिथे नाहीतच. खेळ हा विषय तसा राज्याच्या यादीतला, त्यामुळे राज्याचा खर्च वेगळा असतो, पण मुद्दा तोच. आणि मामांना एवढं पण विचार, पीटीचा शिक्षक हा शिक्षक नाही का? भरायच्या जागांमध्ये ती जागा त्यांनी धरली होती का?

आता मला जे खरं बोलायचंय ते. तुझ्या पत्रात दोन वेगवेगळ्या मागण्या एका पिशवीत आल्यात. एक तास मागतेय, एक पैसा. तासाला पैसा लागत नाही. खो-खोला काय लागतं सांग बघू? दोन खांब, चुना, मोजायला टेप, आणि मोठ्यांचं मैदान म्हटलं तरी 27 बाय 16 मीटर, एवढी जागा तुमच्या शाळेत त्या बाइक पार्किंगच्या आणि खडीच्या ढिगाच्या मधे सुद्धा निघेल. जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, दोन्ही फायनल नेपाळशी, आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. तो फायनलचा हॉल कोट्यवधींचा असेल, पण असल्या पोरी तयार होतात त्या मातीवरच, कुणीतरी रोज संध्याकाळी शिट्टी घेऊन उभं राहिलं म्हणून. तेव्हा तुमच्या शाळेची पहिली टंचाई पैशाची नाही, तासाची आहे, आणि तासासाठी मुंबईला जायला लागत नाही, मुख्याध्यापकांच्या केबिनपर्यंत जायला लागतं. पैशाचा रस्ता वेगळा आहे, तो पुढे सांगते.

आधी पेपरचं. खरं लिहू की बाईंना आवडेल ते? मी बोर्डाचे पेपर तपासलेत. परीक्षकाला तुझं मत काय याच्याशी काही देणंघेणं नसतं, खरंच नसतं. तो बघतो विषय सोडलाय का, परिच्छेद पडलेत का, एका मुद्द्याला एक तरी उदाहरण आहे का, भाषा स्वच्छ आहे का. तुझ्या निबंधात पहिल्या पानावर शिक्षणमंत्री आहे, दुसऱ्या पानावर फक्त खो-खोवाली आहे आणि ती चिडलेली आहे. बाईंचं 'विषयाला धरून लिहा' ते एवढ्यापुरतं बरोबर होतं. 3 देणं कंजूषपणा. आणि "असले विचार लिहायचे नसतात" हे मात्र वर्गशिक्षकांचं साफ चुकलं, तुझ्या निबंधात कुणाची बदनामी नाही, जात-धर्म नाही, शिवी नाही, एक मत आहे. मत लिहायचं नसेल तर 'मी शिक्षणमंत्री झाले तर' विचारता कशाला, 'माझी आई' विचारा.

तेव्हा बाबांचं 'मार्कांपुरतं लिही' मी मानत नाही, पण त्यांच्यावर रागावू पण नको. त्यांना तुझी काळजी आहे आणि सरांशी तुझं वाकडं येऊ नये असं वाटतं, दहावी पुढच्या वर्षीच आहे. मधला रस्ता असा की मत तुझंच लिही, पण समोरच्याचं म्हणणं आधी दोन ओळीत मांड आणि मग त्याला उत्तर दे. 'काही जण म्हणतील भाषेचे तास कमी केले तर पायाच कच्चा राहील. मला त्यांचं म्हणणं पटतं. म्हणून मी तास कमी करणार नाही, पण त्या तासांत मुलांना बोलायला लावीन, आणि पीटीचा तास दुसऱ्या विषयाला द्यायला बंदी करीन.' बघ, हाच तुझा राग आहे, फक्त आता याला 7 द्यावे लागतात. आणि हे नुसतं मार्कांसाठी नाही सांगत. अशी दोन वाक्यं लिहिताना माझं स्वतःचं मत कितीदा बदललंय, तुझं पण थोडं हललं तर हलू दे.

राहता राहिली बाई. त्यांना जाऊन भेट, एकटी, मधल्या सुट्टीत. "मला 3 का" असं नको विचारू. "मॅडम, हाच निबंध परत लिहून आणला तर बघाल का" असं विचार. मराठीच्या बाईला दुसऱ्यांदा लिहून आणणारी मुलगी वर्षातून एक मिळाली तरी त्या दिवशी जेवण गोड लागतं, हे अनुभवाने सांगते. त्या नाही म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नको, चाळीस वह्या तपासून माणूस कधीकधी नाही म्हणतो.

आता काम. तुझ्याकडे उपयोजित लेखनात पत्रलेखन आहे ना? आठव, गेल्या दोन वर्षांत किती वेळा तू हे पत्र लिहिलंयस: विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने शाळेसाठी क्रीडासाहित्याची मागणी करणारे पत्र लिहा. मी तर 26 वर्षांत हजारो तपासली असतील. 10 फुटबॉल, 6 कॅरम बोर्ड, 20 दोरीउड्यांच्या दोऱ्या, सवलत मिळावी ही विनंती, कळावे, आपला विश्वासू. हजारो पत्रं, आणि एकही कधी पोस्टात पडलं नाही! शाळेत एक चेंडू नसायचा आणि आम्ही वर्गात चेंडू मागायची पत्रं लिहीत बसायचो, आणि तेव्हा हे माझ्या पण डोक्यात आलं नाही, तुझं पत्र वाचताना आलं. भाषेच्या तासाचा खेळाला उपयोग काय विचारतेस ना, हा बघ उपयोग, इतकी वर्षं वहीत पडून आहे.

तर ते पत्र या वेळी खरं लिही. पहिलं मुख्याध्यापकांना, विनंतीपत्र, विषय एकच: गुरुवारचा शारीरिक शिक्षणाचा तास मैदानावर मिळण्याबाबत. पैसे, साहित्य, संस्कृत, शिक्षणमंत्री यातलं काही त्यात आणू नको. टीम जिल्ह्यापर्यंत गेली हे पहिल्या वाक्यात. मागच्या तीन महिन्यांत पीटीचे किती तास दुसरीकडे गेले ते तारखेसह मोजून लिही, तक्रारीच्या सुरात नाही, नुसता तक्ता. आणि पर्याय पण तूच दे, संस्कृतचा जादा तास शनिवारी शेवटचा घ्यायला आमची तयारी आहे, असं. ही तयारी मात्र टीमला विचारून लिही, नाहीतर शनिवारी तू एकटीच बसशील. एक ओळ धोरणाची टाकायची तर टाक, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यास आणि अभ्यासेतर असा भेद नको, खेळ शिकण्याचाच भाग धरावा असं लिहिलंय. एकच ओळ. हेडसरांना धोरण तुझ्यापेक्षा जास्त माहिती असतं, त्यांना फक्त आठवण करायची, शिकवायचं नाही.

पीटीच्या सरांना आधी विश्वासात घे. हे विसरू नको. ते गप्प बसतात याचा अर्थ त्यांना चालतं असा नाही. आमच्या सरांनी निरोपाच्या भाषणात सांगितलं तेव्हा मला कळलं, की दर वेळी तास देऊन ते मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहायचे. आणि त्यांना अजून एक विचारून ठेव, ग्रेस गुणांचं. शालेय स्पर्धांत ठरलेल्या पातळीवर खेळलं तर दहावीला वाढीव गुण मिळतात, प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयातून बोर्डाकडे जातो, आणि दर वर्षी कितीतरी पोरांचे गुण जातात ते कमी खेळले म्हणून नाही, सर्टिफिकेट वेळेत दिलं नाही म्हणून. तुझं जिल्ह्याचं सर्टिफिकेट आत्ता कुठे आहे? आईच्या कपाटात ठेव, लॅमिनेशन करू नको, दोन झेरॉक्स काढ.

पैशाचा रस्ता मोठ्यांच्या हातचा आहे, तो बाबांना आणि मामांना दे. त्यांना भांडायला विषय हवाच आहे तर कामाचा देऊ. शाळांच्या मैदानांसाठी क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, मैदान सपाट करणं, कुंपण, खेळाचं साहित्य असल्या कामांना पैसे मिळतात, प्रस्ताव संस्थेने जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. कितीतरी संस्था तो देतच नाहीत, कारण कागद कोण जमवणार. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत बाबांनी एवढंच विचारायचं, आपण कधी प्रस्ताव दिला होता का? तुझ्या धाकट्या भावाची शाळा जिल्हा परिषदेची आहे म्हणालीस, तिथे तर अजून सोपं, शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असलंच पाहिजे असं परिशिष्टात लिहिलंय, आणि शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. मामांचा मुलगा पण तिथेच आहे ना? मग मामांना समितीत पाठव. खेळावर खर्च नको म्हणणारा माणूस समितीत गेला की आधी हिशोब मागतो, आणि हिशोब मागणाराच पाहिजे तिथे.

तू शेवटी लिहिलंयस, "खेळूनच पुढे जायचंय, भाषा काय कामाची". धाराशिवच्या सारिका काळेला 2020 ला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि तालुका क्रीडा अधिकारी म्हणून ती नोकरीला लागली. आता विचार कर, क्रीडा अधिकाऱ्याच्या टेबलावर काय येत असेल? प्रस्ताव, टिप्पणी, शाळांची पत्रं. उद्या त्या खुर्चीवर तू बसलीस आणि कुठल्या तरी नववीतल्या पोरीचं गिचमिड अक्षरातलं मागणीपत्र समोर आलं, तर ते तुला वाचता आलं पाहिजे आणि वरच्या साहेबाला पटेल अशी दोन ओळींची शिफारस लिहिता आली पाहिजे. मराठीत, बरं का.

पत्र मराठीच्या बाईंना दाखवून मग दे, मागणीपत्राच्या चुका त्यांच्याइतक्या कुणाला दिसणार नाहीत, आणि एकदा त्यांनी लाल पेनने दुरुस्त केलं की ते पत्र थोडं त्यांचं पण होतं. खाली टीममधल्या सगळ्या जणींच्या सह्या घे. हेडसरांच्या हातात देऊन पळून येऊ नको, ऑफिसात क्लार्ककाकांकडे दे, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि तारीख टाकून घे. काका म्हणतील मुलांच्या पत्राला आवक नंबर नसतो. हसून म्हण, काका टाका की एकदा. नंबर मिळाला की मला कळव.

तुझी ताई